घाट उतरताना उंची जाते कुठे?

मित्रांनो, ऊर्जा अक्षय्यतेचा नियम आपण सगळेच घोकतो, व्हायव्हात धाडधाड म्हणून दाखवतो आणि विसरून जातो. मला तो खऱ्या अर्थानं कळला खंडाळ्याच्या घाटात.

झालं असं, की मी आणि माझा रूम-पार्टनर त्याच्या बाइकवरून लोणावळ्याहून खोपोलीला निघालो होतो, जुन्या रस्त्यानं. उतार लागताच पठ्ठ्यानं गाडी न्यूट्रलला टाकली आणि इंजिन बंद! "उतारावर पेट्रोल कशाला जाळायचं? गुरुत्वाकर्षण फुकट आहे की!" मलाही पटलं. शिंगरोबाच्या देवळाच्या अलीकडे जळका वास यायला लागला आणि पुढच्याच वळणावर तो ओरडला, "अरे, मागचा ब्रेक लागेना!" पुढचा ब्रेक आणि आमचे चार बूट यांच्या जोरावर गाडी कशीबशी कडेच्या खडीत थांबली. मागचा ड्रम इतका तापला होता, की हात लावायची सोय नव्हती.

रात्री होस्टेलवर कागद-पेन घेऊन बसलो. लोणावळा ते खोपोली उंचीतला फरक सुमारे ५५० मीटर. घर्षण अजिबात नसतं, तर खाली पोचताना आमचा वेग झाला असता ताशी पावणेचारशे किलोमीटर! पण ताशी ४० नं जाणाऱ्या गाडीची गतिज ऊर्जा काढली, तर ती या उंचीच्या स्थितिज ऊर्जेच्या जेमतेम एक टक्का भरते. गंमत म्हणजे दोन्हीकडचं वस्तुमान कटून जातं. म्हणजे बाइक असो वा ट्रक, हिशेब तोच.

मग उरलेले ९९ टक्के? काही हवेच्या विरोधात जातात, काही टायरमध्ये. बाकीच्यांची उष्णता करणं हे ब्रेकचं काम. पंधरा टनांची भरलेली बस घ्या. एवढा घाट उतरताना ती जी ऊर्जा सोडते, तिच्यात सुमारे २५० लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत नेता येईल. हे सगळं ब्रेकवरच सोपवलं, तर ब्रेक तापतात आणि लायनिंगची पकड सुटते. ड्रम प्रसरण पावून लायनिंगपासून लांब जातो. हायड्रॉलिक ब्रेक असेल, तर ऑइल उकळून वाफ होते आणि पेडल पोकळ लागतं. ब्रेक असतो, पण ब्रेक लागत नाही.

माझे वडील एस.टी.त ड्रायव्हर. "ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा," हे लहानपणापासून ऐकत आलोय. पण 'का' हे मी कधी विचारलं नाही. खालच्या गिअरमध्ये चाकं इंजिनला फिरवतात. थ्रॉटल बंद असल्यानं पिस्टनला हवा ओढायला जोर लागतो, शिवाय आतलं घर्षण. म्हणजे उंचीची ऊर्जा इंजिनात खर्च होते, आणि उष्णता बाहेर टाकायची सोय इंजिनाला मुळातच केलेली असते. उलट पेट्रोल वाचवायचा मुद्दाही पोकळच. फ्युएल इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्या गिअरमध्ये, थ्रॉटल सोडून उतरताना इंधन आपोआप तोडतात.

आपल्या डोक्यावरून त्याच घाटात रेल्वे जाते. तिथला चढ ३७ ला १. तिथे ठाकूरवाडी, मंकी हिल इथे कॅच सायडिंग आहेत. उतरणारी गाडी आवरली नाही, तर तिला चढाच्या रुळावर घालायचं, म्हणजे वेगाची परत उंची होते. नवी थ्री-फेज इंजिनं तर त्याहून हुशार. उतारावर त्यांच्या मोटारी जनरेटर होतात आणि वीज ओव्हरहेड तारेत परत जाते. आमच्या ड्रमनं जी ऊर्जा जाळून टाकली, ती तिथे दुसऱ्या गाडीच्या कामी येऊ शकते.

वडिलांना फोनवर सगळं सांगितलं. आधी यथेच्छ शिव्या खाल्ल्या. मग ते म्हणाले, "गणित आत्ता कळलं ना? मग गिअर विसरू नको."

तेव्हा मित्रांनो, घाटात गुरुत्वाकर्षण फुकट मिळतं खरं, पण त्याचा हिशेब कुठेतरी चुकता करावाच लागतो. तो इंजिनाला करू द्या.