कापलेल्या जाळ्याची भरपाई

कोंकणच्या किनाऱ्यावरील एक होडी पहाटेच्या वेळीं जाळें ओढीत आहे, अशी कल्पना करा. जाळें जड लागतें, तेव्हां तांडेलास व खलाशांस वाटतें, आज दर्या पावला. परंतु जाळें वर येतें तों त्यांत मासळीबरोबर एक मोठें कासव गुरफटलेलें दिसतें. दोऱ्या कापल्या तर कासव वांचेल, पण जाळें वायां जाईल. कोळ्याचें जाळें म्हणजे शेतकऱ्याचे बैल. तें गेलें तर घरची चूल कशी पेटावी? अशा प्रसंगीं त्यानें काय करावें, आणि त्यांत सरकारचें काय कर्तव्य आहे, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

प्रथम या प्राण्यांविषयीं दोन शब्द. रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळाससारख्या गांवीं वाळूंत अंडीं घालावयास येतात, तीं ऑलिव्ह रिडले जातीचीं कासवें होत. कासव समुद्रांत राहत असलें तरी तें फुफ्फुसांनीं श्वास घेतें. म्हणून जाळ्यांत अडकून त्यास वर येतां आलें नाहीं, तर तें पाण्यांतच गुदमरून मरतें. दुसरा प्राणी व्हेल शार्क. हा जगांतील सर्वांत मोठा मासा. ४० फूट लांबीचाहि आढळतो. परंतु तो मनुष्याच्या वाटेस जात नाहीं. सूक्ष्म जीव व बारीक मासळी पाण्यांतून गाळून खातो. या दोहोंस सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा आधार आहे. व्हेल शार्कला तो २००१ मध्यें मिळाला.

कायदा झाला म्हणजे काम झालें, असें मात्र नाहीं. भर समुद्रांत होडीवर शिपाई कोठून असणार? तेथें मनाची साक्ष व पोटाची चिंता यांचेंच राज्य असतें. याविषयीं गुजराथचें उदाहरण बोधप्रद आहे. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर पूर्वीं व्हेल शार्कची शिकार होत असे. त्याच्या यकृताचें तेल होड्यांच्या लांकडास चोपडीत असत. बंदीनंतर २००४ मध्यें तेथें लोकजागृतीची चळवळ सुरू झाली. रामकथाकार मोरारी बापूंनीं कोळ्यांस समजाविलें कीं, हा मासा म्हणजे बाळंतपणासाठीं माहेरीं आलेली लेक आहे. माहेरवाशिणीवर कोण हात उगारील? त्याच्या जोडीस राज्य सरकारनें कापलेल्या जाळ्यांची भरपाई देऊं केली. तेव्हांपासून तेथील कोळ्यांनीं आठशेंहून अधिक व्हेल शार्क सोडून दिले आहेत. उपदेशानें मन वळलें, आणि अनुदानानें हात मोकळा झाला.

महाराष्ट्र सरकारनेंहि डिसेंबर २०१८ मध्यें असाच निर्णय केला. संरक्षित सागरी प्राणी जाळें कापून सोडल्यास जाळ्याच्या नुकसानीबद्दल २५,००० रुपयांपर्यंत भरपाई ठरविण्यांत आली. सुटकेचा पुरावा म्हणून छायाचित्रें दाखवावीं लागतात.

कोणी म्हणतील, सरकारी तिजोरी म्हणजे तुमच्या-आमच्या करांचा पैसा. तो कासवापायीं कां खर्चावा? आमचें उत्तर असें आहे. कासव वांचावें ही इच्छा आपणां सर्वांची. मग त्याची किंमत एकट्या कोळ्याच्या घरानें कां द्यावी? ही भरपाई बक्षीस नव्हे, कीं दान नव्हे. सर्वांच्या कामासाठीं एकानें सोसलेल्या नुकसानींतील तो आपला वांटा आहे. आणि तो वांटाहि पुरा नाहीं. मोठें जाळें २५,००० रुपयांहून महाग असूं शकतें, आणि जाळ्याबरोबर निसटलेल्या मासळीचा प्रश्न उरतोच. म्हणजे अनुदान घेऊनहि कोळी कांहीं भार स्वतः उचलतो. तेव्हां, अनुदान मिळतें म्हणून त्याचें सोडणें स्वार्थाचें आहे, असें कोणीं समजूं नये.

परमेश्वरानें समुद्र व त्यांतील जीव निर्माण करून ते मनुष्याच्या हवालीं केले, असें आम्ही प्रार्थनेच्या वेळीं ऐकतों. ही ठेव सांभाळण्याचें काम दर्यावर पुष्कळदां एकट्या तांडेलास करावें लागतें. विद्यार्थिमित्रांनो, पुढें तुम्ही कर भराल, मतें द्याल, कोणी अधिकारीहि व्हाल. त्या वेळीं त्याच्या कापलेल्या जाळ्याचें स्मरण असूं द्या.