कॅमेलियाची रोपे : आधी माती पाहा, मग पैसे घाला

रोपवाटिकेचा धंदा करणाऱ्या बांधवांना कॅमेलियाच्या गुलाबासारख्या फुलांचा मोह पडतो. झुडूप चहाच्याच कुळातले, मूळ चीन-जपानकडचे. त्याला निचऱ्याची, आम्लधर्मी माती हवी, सामू ५.५ ते ६.५. चुनखडीच्या काळ्या जमिनीत शिरा हिरव्या राहून पान पिवळे पडते. बोअरचे जड पाणीही बाधते, पावसाचे साठवावे. कुंडीत पालापाचोळ्याचे खत आणि दुपारची सावली द्यावी. कळ्या धरल्यावर माती सुकली की त्या न उमलताच गळतात, अन् गिऱ्हाईक रोप घेऊन भांडायला येते! थंड डोंगरी गावे सोडून हा माल भरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कारागिरांसाठी एक गोष्ट. जपानच्या इझू ओशिमा बेटावर याच्या बियांचे तेल काढतात. बायका ते केसांना लावतात, आणि सुतार हत्यारांना गंज चढू नये म्हणून चोळतात.