गुलाबी द्रावणातला घोळ

स्तनाच्या गाठीच्या बायोप्सी रिपोर्टवर ‘ईआर पॉझिटिव्ह’ किंवा ‘ईआर निगेटिव्ह’ असा शेरा असतो. गाठीतल्या पेशींमध्ये इस्ट्रोजेन हे संप्रेरक पकडणारे ग्राही आहेत की नाहीत, याचा तो निकाल. पॉझिटिव्ह असेल तर टॅमॉक्सिफेनसारखी गोळी पाच-पाच, दहा-दहा वर्षं चालते.

इस्ट्रोजेन बनवणारे अंडाशय काढले तर काही बायकांच्या गाठी आटतात, हे ग्लासगोचे शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्येच नोंदवलं होतं. का आटतात, याचा धागा शिकागोत एल्वुड जेन्सन यांना ग्राही सापडल्यावर हाती आला. पण माणसाच्या कर्करोगाच्या पेशी हाताशी असल्याशिवाय पुढचं तपासणार कशावर? त्या प्रयोगशाळेतल्या बशीत जगतच नव्हत्या. गाठीचा तुकडा ठेवला की आधारऊतीच्या साध्या पेशीच माजायच्या आणि कर्करोगाच्या मागे पडायच्या.

१९७० मध्ये डेट्रॉइटच्या मिशिगन कॅन्सर फाउंडेशनमध्ये हर्बर्ट सूल यांनी ६९ वर्षांच्या एका ननच्या छातीत साठलेलं पाणी घेतलं. कर्करोग पसरलेला होता, त्यामुळे त्याच्या पेशी त्या पाण्यात सुट्या तरंगत होत्या. त्या वाढल्या, आणि वाढतच राहिल्या. संस्थेची आद्याक्षरं आणि सातवा प्रयत्न, म्हणून नाव पडलं एमसीएफ-७. त्या बाई त्याच वर्षी गेल्या; त्यांच्या पेशी आज जगभरच्या प्रयोगशाळांत आहेत. या पेशींत इस्ट्रोजेनचे ग्राही निघाले. टॅमॉक्सिफेन घातलं की वाढ थांबते आणि वर इस्ट्रोजेन दिलं की पुन्हा सुरू होते, हे सत्तरच्या दशकातच त्यांच्यावर दिसलं. औषध इस्ट्रोजेनची जागा अडवतं, याचा हा बशीतला पुरावा.

काही प्रयोगशाळांत मात्र या पेशी इस्ट्रोजेनशिवायही छान वाढत, वर इस्ट्रोजेन दिलं तरी फारसा फरक पडत नसे. मग ही वाढ इस्ट्रोजेनवर अवलंबून आहे तरी का, यावर वाद. १९८६ मध्ये उलगडा झाला तो अनपेक्षित जागी. पेशी ज्या द्रावणात वाढवतात त्याला फिनॉल रेड नावाचा रंग घातलेला असतो, आम्लता बदलली की नजरेला कळावी म्हणून. हा निरुपद्रवी मानलेला गुलाबी रंगच सौम्य इस्ट्रोजेनसारखा वागत होता! पुढे तर खोट रंगातही नव्हे, त्यातल्या भेसळीत निघाली. म्हणजे ‘इस्ट्रोजेनशिवाय’ म्हणून केलेल्या कित्येक प्रयोगांत ते मागच्या दाराने आलेलंच होतं. तेव्हापासून असे प्रयोग बिनरंगी द्रावणात करतात आणि त्यात घालायचं रक्तद्रव आधी कोळशाने गाळून त्यातली संप्रेरकं काढून टाकतात.

माझ्या मते या क्षेत्रातली खरी हुशारी अशा कंटाळवाण्या तपासण्यांत आहे. पण बातमी होते ती ‘नवं औषध सापडलं’ याची.

पेशी स्वतःही बदलतात. २०१८ मध्ये एमसीएफ-७ चे २७ वाण शेजारी ठेवून त्यांच्यावर ३२१ रसायनं तपासली गेली. काही वाणांना जोरदार रोखणाऱ्या रसायनांपैकी किमान पाऊणशे टक्के दुसऱ्या एखाद्या वाणावर साफ निष्प्रभ ठरली. नाव तेच, मूळ बाई तीच. पण वेगवेगळ्या बशांत दशकानुदशकं वाढताना त्यांच्या जनुकांत फरक पडत गेले होते. म्हणून आता काटेकोर प्रयोगशाळा सुरुवातीच्या पेशी गोठवून ठेवतात, ठरावीक काळाने नवी कुपी उघडतात आणि एकाच वाणावर आलेल्या निकालावर औषधाची शिफारस करत नाहीत.