मेंदूपर्यंत पोचणारा दम

घरातलं माणूस सत्तरीच्या पुढे गेलं की त्याच्या बऱ्याच गोष्टी आपण वयाच्या खात्यावर मांडून मोकळे होतो. दिवसा झापड येते, वय झालं. रात्री जागून बडबड करतात, वय झालं. चालताना झोक जातो, वय झालं. यातलं काही खरोखर वयामुळे असतंही. पण ज्याला छातीचा जुना विकार आहे आणि जोडीला हृदयही थकलेलं आहे, अशा माणसाची झापड वेगळी असू शकते. तिचा संबंध मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताशी आणि त्या रक्तात काय आहे याच्याशी असतो.

मी डॉक्टर नाही. बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण माझ्या खालाला, म्हणजे आईच्या धाकट्या बहिणीला, हे दोन्ही आजार होते आणि शेवटची सहा वर्षं ती आमच्याकडे होती. तेव्हा डॉक्टरांना विचारून आणि पुढे वाचून जे समजलं, ते माझ्यासारख्यांना समजेल अशा भाषेत सांगतो.

आधी मेंदूचा थाट पाहा. त्याचं वजन साधारण १,४०० ग्रॅम. म्हणजे शरीराच्या जेमतेम दोन टक्के. पण हृदयातून निघणाऱ्या रक्तातलं सुमारे १५ टक्के रक्त हा एकटा घेतो, आणि शरीराला लागणाऱ्या प्राणवायूतला २० टक्के. मिनिटाला पाऊण लिटरच्या आसपास रक्त. एवढं खाऊन घरात साठा मात्र काही नाही. रोजचं आणायचं, रोजचं खायचं. पुरवठा पूर्ण थांबला तर दहाएक सेकंदांत शुद्ध जाते.

असा खर्चिक पाहुणा आपली सोय स्वतः बघतो. त्याच्या रक्तवाहिन्या गरजेप्रमाणे रुंद किंवा अरुंद होतात. अंगातला रक्तदाब थोडा वरखाली झाला तरी मेंदूचा प्रवाह त्या जवळपास सारखा राखतात. केटी आणि श्मिट या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९४० च्या दशकात फिलाडेल्फियात जिवंत माणसाच्या मेंदूतला रक्तप्रवाह मोजण्याची रीत काढली. ज्याला हसवणारा वायू म्हणतात, तो थोडा हुंगायला देऊन ते हिशेब मांडत. १९४८ मध्ये त्यांनी दाखवलं, की हवेत ५ ते ७ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळून दिला तर मेंदूचा प्रवाह पाऊणपट वाढतो. प्राणवायू निम्म्यावर आणला तरी वाढतो, पण तेवढा नाही. म्हणजे मेंदूच्या वाहिन्या सगळ्यात आधी ऐकतात ते कार्बन डायऑक्साइडचं. तो साचला की त्या दारं उघडतात.

आता फुफ्फुसाकडे या. इथे गंमत उलटी आहे. प्राणवायू कमी पडला की फुफ्फुसातल्या वाहिन्या आकसतात. ऑयलर आणि लिलयेस्ट्रांड यांनी १९४६ मध्ये स्वीडनमध्ये मांजरांवर हे दाखवून दिलं. निसर्गाचा यात शहाणपणा आहे. फुफ्फुसाच्या ज्या कोपऱ्यात हवा पोचत नाही, तिकडे रक्त पाठवून उपयोग काय? पण हा शहाणपणा एका कोपऱ्यापुरता ठीक. विडीने किंवा चुलीच्या धुराने सगळंच फुफ्फुस खराब झालं, ज्याला आज सीओपीडी म्हणतात तसं, की सगळीकडच्याच वाहिन्या आकसतात. मग हृदयाच्या उजव्या बाजूला या अरुंद वाटेत रक्त ढकलण्याचं काम वर्षानुवर्षं करावं लागतं. ती बाजू फुगते, थकते. पाय सुजतात, मानेच्या शिरा टरारून दिसतात. उजवीकडून रक्त पुढे गेलं नाही तर डावीकडे येणार कुठून, आणि डावीकडून मेंदूला जाणार काय?

दम हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. दम म्हणजे श्वास. दम धरणे, दमछाक, दमा, सगळे त्याच गोतावळ्यातले. अरबीत त्याच दोन अक्षरांनी लिहिला जाणारा दम म्हणजे मात्र रक्त. उर्दूच्या शब्दकोशात हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदतात. हे मी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आमची अडचण नेमकी तीच आहे. दोन्ही एकाच घरात राहतात."

ही जोडी बिघडली की मेंदूचं काय होतं, ते शेतकऱ्यांना चटकन कळेल. उसाला पाणी देताना आपण दारं मोठं करतो. पण विहिरीवरची मोटार कमी व्होल्टेजवर कण्हत असेल तर दारं कितीही मोठं केलं तरी सरीत पाणी वाढत नाही. साचलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे मेंदूची दारं उघडलेली, आणि थकलेल्या हृदयाची मोटार कण्हते आहे, अशी ही स्थिती. हृदय किती ओढू शकतं याचा मेंदूवर केवढा परिणाम होतो, हे डेन्मार्कमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. हृदय फार अशक्त झालेल्या रुग्णांत मेंदूचा प्रवाह निरोगी माणसापेक्षा सुमारे तीस टक्क्यांनी कमी होता. त्यांच्यावर हृदयारोपण झाल्यावर तो पुन्हा जागेवर आला. मेंदू तोच, मोटार बदलली.

मात्र दोन्ही आजार एकत्र आले की मेंदूला सरसकट रक्त कमीच पडतं, असंही म्हणता येत नाही. एक आजार प्रवाह वाढवू पाहतो, दुसरा कमी करतो. कोणाची ओढ जास्त, ते माणसागणिक, दिवसागणिक बदलतं. खरा घोटाळा राखीव साठ्याचा आहे. एरवी आपण झटकन उभे राहिलो आणि रक्तदाब क्षणभर उतरला, तर मेंदूच्या वाहिन्या थोड्या रुंद होऊन वेळ मारून नेतात. ज्यांची दारं आधीच पूर्ण उघडी आहेत त्यांच्याकडे ही सोय उरलेली नसते. म्हणून असा माणूस पहाटे उठून मोरीकडे जाताना पडतो. त्यातच सूज उतरवायची किंवा रक्तदाबाची गोळी जरा जास्त झाली तर झोक जाणारच. तरी ती गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांच्या कानावर घालायचं.

शिवाय निचऱ्याचा प्रश्न असतो. उजवं हृदय तुंबलं की मेंदूतून परत येणारं रक्तही तुंबतं. प्राणवायू सतत कमी राहिल्याने शरीर तांबड्या पेशी वाढवतं, त्याने रक्त दाट होतं आणि सावकाश वाहतं. नाडी अनियमित झाली तर हृदयात गुठळी होऊन ती मेंदूत जायची भीती असते, ती वेगळीच.

खालाने चाळीसहून जास्त वर्षं पऱ्हाट्या आणि गोवऱ्यांवर भाकऱ्या थापल्या. विडीला कधी हात लावला नाही, पण धूर तेवढाच प्यायली. आमच्याकडे आली तेव्हा सकाळी उठली की डोकं धरून बसायची, ओढणीने कपाळ आवळून घ्यायची. झोपेत श्वास उथळ होतो, कार्बन डायऑक्साइड साचतो, मेंदूच्या वाहिन्या फुगतात आणि सकाळी डोकं दुखतं, हे नंतर कळलं. मग ती दिवसा पेंगू लागली आणि रात्री जागू लागली. एके दुपारी अडीच वाजता तिने विचारलं, "फजर का वखत हुआ क्या रे?" पाच वक्तांची नमाज घड्याळाशिवाय पाळणारी बाई! घरात कुणीतरी सुचवलं, झोपेची गोळी द्या. आमच्या डॉक्टरांनी ते ऐकलं आणि खुर्चीतून उठलेच. अशा रुग्णाला झोपेची गोळी म्हणजे उरलासुरला श्वासही मंद करणं. साचलेला वायू वाढतो, रक्त आम्लधर्मी होतं आणि मेंदू ग्लानीत जातो.

दवाखान्यात मनगटाच्या धमनीतून रक्त काढून वायू तपासले. कार्बन डायऑक्साइडचा आकडा ३५ ते ४५ असावा लागतो. तिचा ७८ निघाला. नाकातोंडावर घट्ट मुखवटा बसवून श्वासाला जोर देणारं यंत्र लावलं, त्याला बायपॅप म्हणतात. तिसऱ्या दिवशी तिने डब्यातल्या आमटीत मीठ जास्त आहे म्हणून सुनावलं, तेव्हा आम्हाला हायसं वाटलं.

त्याच वॉर्डात दुसऱ्या एका रुग्णाचे नातेवाईक येता-जाता ऑक्सिजनची कळ वाढवत होते. सिस्टरनी त्यांना दटावलं, "मामा, हा पंख्याचा रेग्युलेटर नाही." जास्त प्राणवायू चांगलाच, हा समज स्वाभाविक आहे. पण सीओपीडीच्या अनेक रुग्णांत तो जास्त झाला की कार्बन डायऑक्साइड आणखी साचतो. टास्मानियात २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णवाहिकेतच प्राणवायू मोजून, ८८ ते ९२ टक्के राहील इतकाच दिला. भरपूर प्राणवायू मिळालेल्यांच्या तुलनेत अशा रुग्णांमध्ये मृत्यू निम्म्याहून कमी झाले. याचा अर्थ प्राणवायूला घाबरायचं असा नव्हे. ज्यांच्या रक्तात तो कायम फार कमी असतो, त्यांना दिवसातले किमान पंधरा तास दिला तर आयुष्य वाढतं, हे १९८०-८१ पासून सिद्ध आहे. औषध आहे ते. त्याला मात्रा आहे, आणि ती डॉक्टरांनी लिहून द्यायची असते.

२०२०-२१ च्या करोनाकाळात बोटाला लावायचं छोटं यंत्र घरोघरी आलं. ते कामाचं आहे, पण ते प्राणवायू सांगतं. कार्बन डायऑक्साइडचं त्याला काही कळत नाही. आकडा ९६ दाखवत असेल आणि माणूस पेंगत असेल तर आकड्यावर विसंबू नका. त्यांना दोन्ही हात पुढे करून पंजे वर उचलून धरायला सांगा. पंजे पाखराच्या पंखासारखे लपलप हलू लागले, किंवा सांगितलेलं त्यांना समजलंच नाही, तर सकाळची वाट पाहू नका. निघताना गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या, आणि प्राणवायू लावणाऱ्याला सगळ्यात आधी सांगा, की यांना जुना छातीचा विकार आहे आणि हृदयाचाही आहे.