जळक्या रबराचा पत्ता

कळमन्याच्या बाजारात नाकाला उसंत नसते. मिरचीच्या यार्डात शिंका, संत्र्याच्या मोसमात सालीचा आंबटगोड दरवळ, धान्याच्या ओट्यांवर पोत्यांची धूळ. या सगळ्यांत एक वास असा आहे, की तो आला की पिकअपवाल्याचा चेहरा उतरतो. तो म्हणजे जळक्या रबराचा. श्रोतेहो, आज त्याच वासाबद्दल बोलायचे आहे. मी कवितेचा माणूस, मिस्त्री नव्हे. पण गॅरेजच्या बाकड्यावर बसून जे पाहिले, ऐकले, ते सांगतो.

हा वास एवढा झोंबतो का? कच्चे रबर उन्हाने चिकट होते आणि थंडीने कडक. रबरात गंधक मिसळून तापवले तर ते टिकाऊ आणि लवचीक होते, हे अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयर यांना १८३९ साली उमगले. रबर जळू लागले की त्यातल्या गंधकाची संयुगे हवेत मिसळतात आणि आपले नाक ती चटकन ओळखते. घरच्या गॅसमध्ये गंधकाचेच एक उग्र संयुग मुद्दाम मिसळतात, ते याचसाठी. गॅसला हा वास आपण दिला, रबराला तो घडणीतच मिळाला. काम दोघांचेही एकच, सावध करण्याचे.

पण नाक सवयीचे गुलाम असते. कानात अत्तराचा फाया ठेवणाऱ्याला तासाभराने स्वतःचे अत्तर जाणवत नाही, शेजाऱ्याला जाणवते. केबिनमधल्या चालकाचेही तसेच होते. वास गेला असे त्याला वाटते, आणि खरे तर तो येतच असतो. म्हणून गाडी बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावे, दहा मिनिटे मोकळ्या हवेत थांबावे आणि मग गाडीभोवती एक फेरी मारावी. वास कुठे दाट आहे, हा पहिला प्रश्न. तो कधी येतो, हा दुसरा. आणि सोबत काय दिसते, काय ऐकू येते, हा तिसरा.

वास बॉनेटमधून येतो, गाडी सुरू करताना चीं-चीं आवाज होतो, बॅटरीचा दिवा लागतो किंवा तापमानाचा काटा चढतो, तर संशय पट्ट्यावर, म्हणजे फॅन बेल्टवर. तो सैल झाला, त्यावर तेल गळले किंवा तो झिजून गुळगुळीत झाला, की पुलीवर घसरतो आणि घासून जळतो. जुन्या पद्धतीचा पट्टा इंजिन बंद असताना मधोमध अंगठ्याने दाबून पाहावा. साधारण एक सेंटिमीटर दबला तर ठीक, लोंबू लागला तर सैल. चालू इंजिनात मात्र हात किंवा दुपट्ट्याचे टोक कधीही नेऊ नये.

एका मृग बहराच्या मोसमात संत्री घेऊन आलेला एक तरुण चालक गॅरेजात सांगत होता, "चाचा, दोन महिन्यांत दोन पट्टे बदलले, तरी वास येऊनच राहिला." मिस्त्रीने पट्टा काढला आणि एकेक पुली हाताने फिरवली. अल्टरनेटरची पुली अडखळत, खरखरत फिरली. आतले बेअरिंग जाम होत आले होते. मिस्त्री म्हणाला, "पट्टा जळत नाही गा, जाळल्या जाते." या विषयातले सगळे शहाणपण मला त्या एका वाक्यात दिसते. जे जळते तेच दोषी असते असे नाही. तिसरा पट्टा घातला असता तर तोही जळला असता.

वास एकाच चाकाजवळ येत असेल तर ब्रेक धरून राहिला असावा. गाडी एका बाजूला ओढते, डिझेल जास्त खाते. चाकाला हात लावू नये, जवळ धरलेल्या तळहातालाच धग कळते. हँडब्रेकची केबल गंजली किंवा ब्रेकचा पिस्टन अडकला, की लायनर सतत घासत राहतो. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये, तो तडकू शकतो. आणि पुढे जाण्याची घाई तर मुळीच करू नये. ब्रेक ऑइल उकळले तर पेडल दाबले जाते, पण गाडी थांबत नाही. भरलेली गाडी आणि समोर बाजाराची गर्दी, एवढे डोळ्यांपुढे आणले तरी पुरे.

चढावर किंवा भरल्या गाडीने रिव्हर्स घेताना जळक्या कागदासारखा वास आला आणि इंजिन ओरडूनही गाडी वेग घेत नसेल, तर ती क्लच प्लेट. क्लचवर पाय ठेवून गाडी हाकण्याची सवय तिला खाते. माल जास्त भरला की पाटे दबतात आणि टायर मडगार्डला घासतो. तिथे घासल्याची चकाकती खूण सापडते. उभ्या गाडीतही वास येतो, फ्यूज वारंवार उडतो, तर वायरिंग तापते आहे. तेव्हा बॅटरी सोडवावी. फ्यूजच्या जागी जाड तार घालणे म्हणजे आगीला आवतण. आणि कधी कधी यार्डातली एखादी प्लास्टिकची गोणी सायलेन्सरला चिकटलेली असते. सायलेन्सर थंड होऊ दिला, ती खरवडली, की झाले.

नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा या सगळ्या दुखण्यांना जोर चढतो. तरी चालक थांबत नाही, कारण गाडी हप्त्यावर असते आणि माल नाशवंत. "वास येऊन राहिला" असे तो म्हणतो, तेव्हा मालवाला म्हणतो, "आधी पोहोचव." काही जण डॅशबोर्डवर सुगंधी डबी ठेवून मोकळे होतात. ती डबी म्हणजे निरोप्याच्या तोंडावर हात ठेवणे.

मालवाल्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की चालकाने वासाची तक्रार केली तर त्याला अर्धा तास द्या. माल थोडा उशिरा पोहोचेल, पण पोहोचेल. आणि तो आणणारा माणूसही.