पाण्याकाठचा बुरूज आणि रेम्ब्रांटची सुई

अ‍ॅमस्टरडॅम : ज्या देशाचा सुमारे चौथा हिस्सा समुद्रसपाटीखाली आहे आणि जिथे नजर टाकावी तिकडे सपाट कुरणेच दिसतात, त्या नेदरलँड्समध्ये पाण्याकाठच्या जुन्या बुरुजाला डोंगरमाथ्याची प्रतिष्ठा मिळते, डच निसर्गचित्रांत आकाश अफाट आणि बुरूज एकटा का असतो, याचा उलगडा इथल्या भूगोलातच होतो.

आउडेस्खान्स कालव्यावरचा मॉन्टेलबान बुरूज 1516 मध्ये शहराच्या संरक्षणासाठी उभारला गेला आणि तटबंदीचे प्रयोजन संपल्यावर 1606 मध्ये त्यावर घड्याळासह देखणा मनोरा चढवण्यात आला. जवळच राहणाऱ्या रेम्ब्रांटने 1640 नंतरच्या दशकात त्याचे रेखाटन केले तेव्हा हा मनोरा डोळ्यांसमोर असूनही त्याने तो वगळला आणि मूळ ठेंगणा, भक्कम बुरूजच कागदावर उतरवला. चित्रकाराची ही निवड विलक्षण बोलकी आहे.

1650 मध्ये त्याने घरे-झाडांतून वर आलेल्या चौकोनी बुरुजाचे अम्लरेखन केले. अम्लरेखनात तांब्याच्या पत्र्यावर मेण व राळ यांचा लेप देऊन त्यावर सुईने चित्र कोरतात, मग पत्रा अम्लात बुडवला की लेप खरवडलेल्या जागा तेवढ्या खोदल्या जातात आणि त्यांत शाई भरून दाबयंत्राखाली ओलसर कागदावर ठसे घेतात. रेम्ब्रांट याखेरीज पत्र्यावर थेट सुई चालवी. त्या रेषेच्या कडेला उठलेली तांब्याची बारीक कोर शाई धरून ठेवते, त्यामुळे छाया मखमली उमटते, परंतु थोड्याच ठशांनंतर ही कोर झिजत असल्याने सुरुवातीच्या प्रतींना विशेष मोल असते.

डच लोकांनी मॉन्टेलबान बुरूज नुसता जपला नाही, तर त्यात दीर्घकाळ शहराच्या कालव्यांचे पाणी सांभाळणारे कार्यालय चालवले. अहिल्यानगरच्या वाचकाला इथे फराहबाग आठवल्यावाचून राहणार नाही. सोळाव्या शतकात निजामशाहीने तलावाच्या मधोमध बांधलेला हा अष्टकोनी महाल आज कोरड्या पात्रात उभा आहे. वास्तू टिकवायची तर तिला काम हवे आणि तिच्याकडे पाहणारे डोळेही हवेत. नगरच्या कलाविद्यार्थ्यांनी कागद-पेन्सिल घेऊन फराहबागेच्या काठी बसावे. अम्लरेखनासाठी त्याहून चांगला विषय जिल्ह्यात शोधून सापडणार नाही.