हॅकिंटॉश: कार्ड आहे, पण ग्राफिक्स नाही! मग तपासायचं काय?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी उतारा. बोलण्यातले 'म्हणजे', 'ते हे' थोडे काढलेत, बाकी जसं बोललो तसंच आहे.

माझा एक मित्र लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. फायनल कटवर हात बसलेला, पण मॅक घ्यायची ऐपत नाही. म्हणून त्याने सुटे पार्ट जमवून हॅकिंटॉश बांधला. नवव्या पिढीचा आय-फाइव्ह, त्यातलंच इंटेल यूएचडी ६३० ग्राफिक्स, वर मॅकओएस मॉन्टेरी. छान चालत होतं. मग एक्स्पोर्ट लवकर व्हावा म्हणून त्याने सेकंडहँड आरएक्स ५८० कार्ड आणलं, बसवलं, आणि सगळं बसलं. म्हणजे अक्षरशः बसलं! डेस्कटॉप दिसतोय, पण खिडकी सरकवली की मागे ओरखडे. फायनल कट उघडेना. 'अबाउट धिस मॅक'मध्ये काय लिहिलेलं? डिस्प्ले, ७ एमबी. कार्ड ८ जीबीचं! आणि चार दिवसांत दोन लग्नांची डिलिव्हरी.

आधी हे ७ एमबी म्हणजे काय ते समजून घ्या. कार्डाला ड्रायव्हर मिळाला नाही, मॅकओएस नुसतं चित्र पडद्यावर ढकलतंय, प्रवेग शून्य. २०१८ च्या मोहावीपासून मॅकओएसला मेटल चालणारं ग्राफिक्स लागतं. ड्रायव्हर नाही तर मेटल नाही, मेटल नाही तर फायनल कट नाही.

मी केलेली चूक

पहिले दोन तास मी वाया घालवले. कुठूनतरी उचललेला एक बूट आर्ग्युमेंट टाकला, मग दुसरा, मग तिसरा. त्यातला एक होता 'पिकेरा'वाला. पूर्ण स्पेलिंग ए-जी-डी-पी-एम-ओ-डी, बरोबरचं चिन्ह, पी-आय-के-ई-आर-ए. हा उपाय खरा आहे, पण नवी कार्डांसाठी, म्हणजे आरएक्स ५००० आणि ६००० मालिकेसाठी. तिथे बूटची अक्षरं पळतात आणि मग पडदा एकदम काळा होतो, तेव्हा तो लागतो. आमचं कार्ड पोलारिस. दुसऱ्याचं औषध आपण घेतलं की काय होणार?

मग शांत बसलो, चहा घेतला, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची असं ठरवलं.

पायरी एक: दोष कुठे आहे?

कार्ड काढलं, केबल मदरबोर्डला लावली. मॅक पूर्वीसारखा सुरू. म्हणजे डिस्क, मॅकओएस, ओपनकोअर, लिलू आणि व्हॉटेव्हरग्रीन हे केक्स्ट, सगळं ठीक. (कॉन्फिगच्या यादीत लिलू आधी, व्हॉटेव्हरग्रीन नंतर. हा क्रम उलटा झाला तर तिथेच अडकाल.)

पायरी दोन: बायोस

सीएसएम बंद, 'अबव्ह फोर जी डीकोडिंग' चालू, आणि इंटेल ग्राफिक्ससाठी डीव्हीएमटी ६४ एमबी. आमच्याकडे हे आधीच बरोबर होतं.

पायरी तीन: कार्ड खरंच कोण आहे?

कार्ड परत बसवलं आणि दुसऱ्या एसएसडीवरच्या विंडोजमध्ये गेलो. तिथे कार्ड व्यवस्थित चाललं, म्हणजे बिघडलेलं नाही. मग डिव्हाइस मॅनेजर, कार्डाच्या प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडी. तिथे 'डीईव्ही'नंतर चार अक्षरं होती: ६एफडीएफ. खऱ्या आरएक्स ५८० चा आयडी असतो ६७डीएफ.

इथे गाठ सापडली. हे ५८० चं '२०४८ एसपी' रूप होतं. खऱ्या ५८० मध्ये २३०४ स्ट्रीम प्रोसेसर, यात २०४८. विकणारा नुसतं '५८०' म्हणाला, आमच्या मित्राने विचारलं नाही. मॅकओएसचा ड्रायव्हर कार्डाच्या नावाकडे बघतच नाही, तो आयडी बघतो. रेशन दुकानात माणूस ओळखीचा असला तरी यादीत नंबर नसेल तर धान्य मिळत नाही, तसंच.

पायरी चार: उपाय

कॉन्फिग फाइलच्या डिव्हाइस प्रॉपर्टीजमध्ये कार्डाचा पीसीआय पत्ता टाकायचा. तो हॅकिंटूलमध्ये दिसतो. त्याखाली 'डिव्हाइस-आयडी', प्रकार डेटा, आणि किंमत: डीएफ ६७ ०० ००. आयडी ६७डीएफ आणि लिहायचं डीएफ ६७, कारण इथे जोड्या उलट क्रमाने लिहितात. निम्मी माणसं इथेच चुकतात.

दुसरा बदल इंटेल ग्राफिक्सचा. आधी पडदा तेच चालवत होतं, म्हणून त्याचा प्लॅटफॉर्म आयडी ०७ ०० ९बी ३ई होता. आता पडदा कार्डाकडे, इंटेल फक्त मदतनीस. त्यासाठी ०३ ०० ९१ ३ई. मॉनिटरची केबल मात्र कार्डालाच हवी. हसू नका, मदरबोर्डला केबल लावून 'काळा पडदा, काळा पडदा' करणारे मी पाहिलेत.

आणि हे सगळं आम्ही पेन ड्राइव्हवरच्या ईएफआयमध्ये केलं. डिस्कवरचा चालू ईएफआय तसाच ठेवला. बिघडलं तर पेन ड्राइव्ह काढायचा, झालं. एनव्हीरॅम रीसेट केलं, बूट केलं. रेडिऑन, ८ जीबी. डॉक पारदर्शक. सिस्टिम रिपोर्टमध्ये मेटल सपोर्टेड. मित्र काही बोलला नाही, सरळ टाइमलाइन उघडून कामाला लागला.

ज्यांना उपाय नाही

एनव्हिडियाच्या मॅक्सवेल आणि पास्कल कार्डांचे ड्रायव्हर हाय सिएरावर थांबले. केप्लर बिग सरपर्यंत. आरटीएक्स कधीच नाही. एएमडीमध्ये आरएक्स ५५० घेताना जपून, त्यातली लेक्सा चिप चालत नाही. अकराव्या पिढीपासून पुढच्या डेस्कटॉप इंटेलचं आतलं ग्राफिक्सही नाही. इथे रात्री जागू नका.

आता खरं सांगतो

अ‍ॅपलच्या परवान्यानुसार मॅकओएस फक्त अ‍ॅपलच्या यंत्रावर चालवायची परवानगी आहे, हे माहीत असू द्या. आणि २०२५ च्या जूनमध्ये अ‍ॅपलने सांगून टाकलं, की टाहो ही इंटेल मॅकसाठी शेवटची आवृत्ती. म्हणजे हा रस्ता संपत आलाय. शिकायला, हौसेला, घरात पडून असलेल्या पीसीवर जरूर करा. यंत्र आतून कसं चालतं हे इतकं चांगलं दुसरं काही शिकवत नाही. पण पोटापाण्यासाठी आज नव्याने पार्ट घेणार असाल, तर त्याच पैशात जुना एम-वन मॅक मिनी मिळतो का ते आधी बघा. माझ्या मित्रालाही मी हेच सांगितलं. तो म्हणाला, "आधी ही दोन लग्नं उरकू दे!"

चला, भेटू पुढच्या भागात. आणि सेकंडहँड कार्ड घ्यायच्या आधी त्याचा आयडी विचारा, नुसतं नाव नाही.